जुन्या गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना खुलं पत्र: नसेल तर नाही म्हणा, पण पाकिटावर खरं लिहा

नमस्कार मंडळी,

हे पत्र जुन्या, दुर्मिळ गाड्यांचे पार्ट नव्याने बनवणाऱ्यांना आहे, ते विकणाऱ्यांना आहे, आणि शेवटी थोडं त्या मोठ्या कंपन्यांनाही आहे ज्यांच्या गोडाउनात जुने साचे आणि ड्रॉइंग्ज अजून पडून आहेत. मी इंजिनियर नाही, माझं गॅरेजही नाही. चौदा वर्षं एकच गाडी सांभाळतोय आणि या चौदा वर्षांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडून माल घेतलाय, काही इतका चांगला की अजून त्याला हात लावायची वेळ आली नाही, आणि काही असा की त्याच्यामुळे रस्त्यात जीव मुठीत धरून बसावं लागलं.

माझी गाडी म्हणजे सनबीम रेपियर, सीरीज तीन, १९५९ ते १९६१ मधलं मॉडेल. रूट्स ग्रुप या ब्रिटिश कंपनीची. रूट्स १९६७ ला पूर्णपणे क्रायस्लरच्या ताब्यात गेली, मग क्रायस्लरने आपला युरोपातला सगळा कारभार १९७८ ला प्यूजोला विकला, आणि आज सनबीम नावाने गाडी बनवणारं जगात कोणी नाही. म्हणजे काउंटरवर जाऊन पार्ट नंबर सांगायचा आणि पेटीतून ओरिजिनल काढून घ्यायचा ही सोयच उरली नाही. आमच्यासारख्यांना आता कंपनी म्हणजे तुम्हीच. तुम्ही जे बनवाल तेच त्या गाडीत जाणार, आणि म्हणूनच हे सगळं एवढं जिव्हाळ्याने लिहितोय.

सहा वर्षांपूर्वी मी गाडीचं इग्निशन नवं केलं. रोटर, डिस्ट्रिब्युटरची कॅप, पॉइंट, कंडेन्सर, सगळं एका सेटमध्ये आलं, सुंदर पाकीट, वर जुन्या ढंगाचं चित्र. बसवलं, पहिल्या सेल्फला गाडी चालू. दोन आठवड्यांनी एका लांब चढावर, मागच्या सीटवर आई आणि मुलगी, इंजिन कोणी चावी फिरवावी तसं बंद पडलं, ना अडखळलं ना खोकललं, एकदम शांत. मागून ट्रक येत होता. त्याने वेळेवर पाहिलं म्हणून आज हे लिहितोय. कडेला ढकलून पेट्रोल बघितलं, पंप बघितला, कॉइल बघितली, सगळं ठीक. डिकीत जुना काढलेला रोटर एका कापडात गुंडाळून ठेवला होता, टोकाला झिजलेला, तो सहज म्हणून लावून बघितला आणि गाडी लगेच चालू झाली. त्या झिजलेल्या पन्नास-साठ वर्षं जुन्या रोटरवर आम्ही घरी आलो.

घरी येऊन मी तो नवा रोटर करवतीने उभा कापला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, रोटर म्हणजे प्लास्टिकची छोटी टोपी, डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवर बसते, वर पितळी पट्टी असते आणि कॉइलकडून आलेला हजारो व्होल्टचा करंट ती पट्टी फिरत फिरत एकेका प्लगला वाटते. खाली शाफ्ट म्हणजे अर्थ. मधे फक्त प्लास्टिक. माझ्या त्या रोटरमध्ये पट्टी धरून ठेवणारा रिव्हेट इतका लांब होता की त्याचं टोक आणि खालची शाफ्टची जागा यांच्यात प्लास्टिकचा पातळसा पापुद्रा उरला होता, आणि त्या पापुद्र्याला केसाएवढं काळं भोक पडलं होतं. करंट प्लगला जायचं सोडून तिथून सरळ अर्थ होत होता. वरून बघितलं तर रोटर हुबेहूब ओरिजिनलसारखा! रंग तोच, आकार तोच, पितळ चकचकीत. ज्याने बनवला त्याने डोळ्यांना दिसतं तेवढं सगळं कॉपी केलं होतं आणि जे दिसत नाही ते सोडून दिलं होतं.

हा फक्त माझा अनुभव नाही, लुकास या ब्रिटिश कंपनीचे डिस्ट्रिब्युटर असलेल्या गाड्या ज्यांच्याकडे आहेत त्यांना हे दुखणं चांगलं माहितीये, रिव्हेट लांब आणि शिवाय काळ्या प्लास्टिकमध्ये कार्बन जास्त, त्यामुळे प्लास्टिक स्वतःच थोडा थोडा करंट जाऊ देतं आणि गरम झालं की अजून जास्त. त्यावर उपाय म्हणून लाल रंगाचे, रिव्हेटच नसलेले, चांगल्या प्लास्टिकचे रोटर बाजारात आले आणि त्यांनी हा प्रश्न खरंच सोडवला. मग काय झालं? काही जणांनी फक्त लाल रंग उचलला. आत रिव्हेट तसाच, प्लास्टिक तसंच हलकं, रंग लाल. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी असा माल बनवत किंवा विकत असेल तर त्याला हात जोडून विचारतो, लोकांनी ज्या खुणेवर विश्वास ठेवला तीच खूण तुम्ही खोटी केलीत, आता गिऱ्हाइकाने कशावर विश्वास ठेवायचा?

कंडेन्सरचं तेच. ही बोटाच्या पेराएवढी डबी, ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपासची, गार असताना मीटरवर बरोबर रीडिंग देते आणि इंजिन तापलं की आतलं जोडकाम सुटतं, गाडी धक्के मारायला लागते, थांबून गार झाली की परत चालू. माणूस बिचारा कार्ब्युरेटर उघडत बसतो कारण कंडेन्सर तर नवीन आहे ना! नवीन पार्ट खराब असू शकतो हा विचारच सगळ्यात शेवटी येतो, आणि तोवर बाकी सगळं उस्कटून झालेलं असतं.

मला पार्ट मिळत नाही याची तक्रार नाहीये, हे आधी स्पष्ट सांगतो. साठ वर्षं जुन्या, कमी बनलेल्या गाडीचा पार्ट मिळणार नाही हे मनाशी धरूनच आम्ही ती गाडी घेतो. पार्ट नसेल तर गाडी उभी राहते, कपड्याखाली महिनोन्महिने उभी राहते, काही बिघडत नाही. पण दिसायला बरोबर आणि आतून चुकीचा पार्ट मिळाला की गाडी चालते, आणि चालत्या गाडीत तो कधी दगा देईल ते कोणालाच सांगता येत नाही. म्हणून माझं पहिलं मागणं हे आहे की नसेल तर नाही म्हणा. आम्ही थांबू.

दुसरं रबराबद्दल, आणि इथे मी जरा लांब लिहिणार आहे कारण रबर हा जुन्या गाडीतला सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात घातक विषय आहे असं माझं ठाम मत झालंय. तुमच्या कॅटलॉगमध्ये लिहिलेलं असतं "सील किट, रबर, उत्तम दर्जा". अहो कुठलं रबर? नायट्राइल पेट्रोल आणि तेलात टिकतं पण ब्रेक ऑइलमध्ये फुगतं. ईपीडीएम नेहमीच्या ग्लायकॉलवाल्या ब्रेक ऑइलमध्ये, डॉट ३ आणि डॉट ४ मध्ये, छान टिकतं पण त्याला पेट्रोल किंवा खनिज तेल लागलं की फुगून गोळा होतं. दोन्ही काळी, दोन्ही हाताला सारखी लागतात, नखाने दाबून कोणालाही फरक कळणार नाही. सिट्रोएन डीएस वाल्यांना विचारा, त्या गाडीत आधी लाल हायड्रॉलिक ऑइल होतं आणि १९६६ पासून हिरवं एलएचएम म्हणजे खनिज तेल आलं, दोन्हींची सीलं वेगवेगळ्या रबराची, आणि एकात दुसरं ऑइल गेलं तर सस्पेन्शन, ब्रेक, स्टिअरिंग सगळीकडची सीलं खराब, कारण त्या गाडीत सगळं एकाच ऑइलवर चालतं. इतक्या नाजूक गोष्टीला पाकिटावर फक्त "रबर" लिहून कसं चालेल?

आणि आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आलंय, बऱ्याच ठिकाणी १० टक्के. जुन्या काळच्या नळ्या, डायफ्राम, कार्ब्युरेटरची फ्लोटं, टाकीतलं जुनं कोटिंग, हे सगळं इथेनॉल नसलेल्या पेट्रोलसाठी बनलेलं होतं. इथेनॉल पाणी ओढतं, रबर मऊ करतं नाहीतर कडक करून तडकवतं. यावर उपाय आहे, आतला थर व्हिटॉनचा म्हणजे फ्लोरोइलास्टोमरचा असलेली पेट्रोलची नळी मिळते, एसएई जे३० आर९ असा तिच्यावर शिक्का असतो. मी तशी नळी घेतली, शिक्का बघून घेतली, जास्त पैसे देऊन घेतली. वर्षभरात बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास यायला लागला, नळी वाकवली तर बाहेरून कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा. गरम एक्झॉस्टपासून वीतभर अंतरावर पेट्रोल पाझरत होतं. शिक्का खरा असता तर हे एका वर्षात होणं शक्य नव्हतं. विकणाऱ्याला फोटो पाठवले, त्याचं उत्तर आलं की पैसे परत करतो. पैसे परत आले, पण ती नळी कुठल्या कारखान्यातून आली आणि अजून किती जणांच्या गाडीत बसलीये हे मी तीनदा विचारलं, त्याचं उत्तर आजपर्यंत आलं नाही. मला पैशांपेक्षा ते उत्तर हवं होतं. एका माणसाला परतावा देऊन विषय मिटवायचा आणि बाकीचा माल तसाच विकत राहायचा, हे मला मान्य नाही.

तिसरी गोष्ट जुना पण न वापरलेला ओरिजिनल माल, ज्याला सगळे एनओएस म्हणतात. हा शब्द ऐकला की आपल्या लोकांचे डोळे चमकतात, माझेही चमकतात. गिअर, शाफ्ट, बिडाचं कास्टिंग, काच, क्रोमची पट्टी, असल्या गोष्टी एनओएस मिळाल्या तर खरंच सोनं. पण पन्नास वर्षं पाकिटात पडलेलं ऑइल सील हे पन्नास वर्षं म्हातारं झालेलं सील आहे, त्याची कड लाकडासारखी कडक झालेली असते, बसवलं की हजार किलोमीटरमध्ये गळणार. ब्रेकचा होज पाइप तर एनओएस विकूच नये, आतून सुजून तो एकतर्फी व्हॉल्व्हसारखा वागतो, ब्रेक लागतात आणि सुटत नाहीत. टायरचंही तसंच, टायरवर बनवल्याची तारीख असते, २००० पासून चार आकडी कोड आलाय, पहिले दोन आकडे आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, आणि त्याआधीचा कोड तीन आकडी होता. तीन आकडी कोडचा टायर कोणी "अगदी नवा, न वापरलेला" म्हणून विकत असेल तर तो शोकेसमध्ये ठेवायला विकावा, रस्त्यावर चालवायला नाही. आणि जुन्या ब्रेक लायनरमध्ये, क्लच प्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतो. युरोपियन युनियनने २००५ पासून त्याच्यावर पूर्ण बंदी आणली ती उगाच नाही. एनओएस ब्रेक शू विकताना निदान तेवढं तरी सांगा, कारण घेणारा माणूस ते बसवताना कानशीने घासतो, ती धूळ त्याच्याच घरात उडते.

आता बनवणाऱ्यांशी थोडं. तुमचं काम किती अवघड आहे याची मला जाणीव आहे, आणि चांगलं काम करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण नमुना म्हणून झिजलेला पार्ट घ्यायचा आणि तसाच्या तसा उतरवायचा, हे थांबवा. साठ वर्षं घासलेल्या बुशचं माप घेतलं तर तुम्ही नवीन झिजलेला बुश बनवताय. त्याहून वाईट म्हणजे जुन्या कास्टिंगचाच पॅटर्न करून त्यावरून साचा काढणं. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, बीड साधारण १ टक्का, अ‍ॅल्युमिनियम त्याहून थोडं जास्त. ३०० मिलिमीटरचा पार्ट असेल तर बिडात ३ मिलिमीटर गेले. मग भोकं जुळत नाहीत आणि उत्तर येतं की "जुन्या गाड्यांना थोडं घासूनपुसून बसवावंच लागतं". हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय! माझ्या गाडीवरचा साठ वर्षं जुना पार्ट काढला आणि परत लावला तर तो हाताने बसतो, म्हणजे गाडी बरोबर आहे, माप तुमचं चुकलंय.

आट्यांचंही तेच. व्हिटवर्थ आणि बीएसएफ या जुन्या ब्रिटिश मापांचे आटे ५५ अंशांचे, यूएनएफ या नंतरच्या इंची मापाचे आणि मेट्रिकचे ६० अंशांचे. जवळच्या मापाचा बोल्ट दोन-तीन आटे आरामात जातो, मग जड लागतो, माणूस पान्ह्याला जोर देतो आणि अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे निघून येतात. माझं हेड अ‍ॅल्युमिनियमचंच आहे म्हणून मला ही भीती कायम असते. त्यात जुन्या मॉरिस आणि एमजीच्या इंजिनांसारखी उदाहरणं आहेत जिथे आटे मेट्रिक आणि बोल्टचं डोकं व्हिटवर्थ पान्ह्याचं, कारण मॉरिसला इंजिनं पुरवणारी हॉचकिस कंपनी मूळची फ्रेंच, यंत्रं मेट्रिक, आणि गिऱ्हाइकाकडे पान्हे ब्रिटिश. इतका मजेदार इतिहास आहे, पण त्याची नोंद पाकिटावर नसेल तर डोकं बघून बोल्ट घेणाऱ्याचं ब्लॉक खराब होणार. एक ओळ लिहायला काय लागतं?

जस्ताच्या कास्टिंगबद्दल एक सांगायचं राहिलं. युद्धापूर्वीच्या गाड्यांमधली दारांची हँडलं, डॅशबोर्डचे भाग, कार्ब्युरेटरच्या बॉड्या बऱ्याचदा जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात आणि त्यात शिसं किंवा कथिल थोडं जरी मिसळलं गेलं असेल तर ते कास्टिंग आतून किडतं, फुगतं, तडकतं, काही वर्षांनी हातात भुगा येतो. याच्यावर दुरुस्ती नाही, कितीही चिकटवा. नवीन ओतताना धातू किती शुद्ध आहे हे तपासलं नाही तर हीच कीड आपण पुढच्या पिढीच्या गाडीत घालतोय. तेव्हा जस्ताचा पार्ट बनवणाऱ्यांनी मिश्रधातूचं नाव आणि टेस्ट रिपोर्ट द्यावाच, आणि कॅमशाफ्ट, टॅपेट बनवणाऱ्यांनी हार्डनेसचा रिपोर्ट द्यावा, कारण मऊ टॅपेट कॅमची टेकडी घासून सपाट करतो आणि त्यातून निघालेला लोखंडाचा चुरा तेलातून सगळ्या इंजिनभर फिरतो.

लोकांना वाटतं दुर्मिळ गाडीचं इंजिन मिळणं अवघड. बरेचदा उलटं असतं. फॅसेल व्हेगा घ्या किंवा जेन्सन इंटरसेप्टर, दोन्हींत क्रायस्लरचं व्ही८, त्याचे पार्ट ढिगाने मिळतात. अडतं ते काचेवर, दाराच्या रबरावर, दिव्याच्या रिंगवर. माझी रेपियर पिलरलेस आहे, दोन्ही खिडक्या खाली केल्या की मधे खांबच नाही, दिसायला फार सुंदर, पण त्या दोन काचा जिथे एकमेकींना भेटतात तिथलं रबर दुसऱ्या कुठल्या गाडीचं चालत नाही. त्या रबराच्या मागे मी पाच वर्षं आहे.

आणि काही दुर्मिळ गाड्यांचे दुर्मिळ म्हणून विकले जाणारे पार्ट मुळात दुर्मिळ नसतातच! जॅग्वार एक्सजे२२० चे मागचे दिवे रोव्हर २०० चे आहेत. शेवटच्या काळातल्या लॅम्बोर्गिनी डियाब्लोचे हेडलाइट निसान ३००झेडएक्सचे. लोटस एस्प्रिटच्या दारांची हँडलं मॉरिस मरीनावाली. छोट्या कंपन्यांना स्वतःचा साचा परवडायचा नाही म्हणून त्या मोठ्यांच्या शेल्फवरून उचलायच्या, त्यात काही गैर नव्हतं. गैर हे आहे की आज विकणाऱ्याला हे माहीत असतं आणि तो ते लपवतो. माझ्याकडे एकदा डायनॅमोसाठी "खास या मॉडेलचं" म्हणून एक बेअरिंग आलं, त्याच्यावरचा नंबर ग्राइंडरने घासलेला होता. व्हर्नियर लावला, आत १७, बाहेर ४०, जाडी १२ मिलिमीटर. म्हणजे साधं ६२०३, जगात कुठेही बेअरिंगच्या दुकानात मिळणारं. तुम्ही शोधाशोध करून कुठलं बेअरिंग बसतं ते मला सांगितलंत त्या माहितीचे पैसे मागा, मी आनंदाने देईन, पण नंबर घासू नका, कारण उद्या तुमचं दुकान बंद झालं तर पुढच्या माणसाने काय बघून बेअरिंग घ्यायचं?

चांगलं काम होऊ शकतं याचे दाखले आहेत म्हणून तर मी एवढं बोलतोय. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचं उत्पादन १९८० ला बंद झालं, पण ब्रिटिश मोटर हेरिटेजने जुनी मूळ टूल्स गोळा करून १९८८ ला तिची पूर्ण बॉडी परत बनवायला घेतली, पत्र्याला ठिगळं लावणाऱ्यांना अख्खी नवी बॉडी मिळाली. एसयू या ब्रिटिश कार्ब्युरेटरचं काम बर्लेन नावाच्या कंपनीने हातात घेतलं आणि आज त्याचे सुटे भाग नीट मिळतात. साब कंपनी २०११ च्या अखेरीला दिवाळखोरीत गेली पण पार्टचा धंदा वेगळा होता म्हणून तो वाचला आणि पुढे ओरियो नावाने चालू राहिला. पोर्शाचं ९५९ तर फक्त २९२ बनलं, त्याच्या क्लचचा रिलीज लिव्हर संपला, मूळचा बिडाचा, परत साचा करणं परवडणारं नव्हतं, तर २०१८ मध्ये त्यांनी सांगितलं की तो ते टूल स्टीलच्या भुकटीपासून लेझरने थर वितळवून छापतात. मला त्यातलं छापणं एवढं आवडलं नाही जेवढं पुढचं आवडलं, त्यांनी त्या लिव्हरवर जवळजवळ तीन टन भार टाकून बघितला, आत कुठे पोकळी नाही ना म्हणून स्कॅन केला, मग गाडीत बसवून चालवून बघितला. एका लिव्हरसाठी! २९२ गाड्यांसाठी! मान्य आहे की पोर्शाकडे पैसा आहे, तुमच्याकडे तेवढं मशीन नाही, पण तपासून मगच विकायचं ही सवय ठेवायला मशीन लागत नाही. तुमचा रोटर विकण्याआधी एक, फक्त एक, एखाद्या गाडीत लावून दोन महिने चालवून बघा.

मोठ्या कंपन्यांनो, तुमच्यातल्या काहींनी उशिरा का होईना जुन्या गिऱ्हाइकांकडे वळून बघितलंय. मर्सिडीजने १९९३ ला क्लासिक सेंटर काढलं, निसानने आर३२ जीटी-आरचे पार्ट परत बनवायला घेतले, टोयोटाने सुप्राचे आणि २०००जीटीचे. त्याबद्दल खरंच आभार. पण तुमच्याच धंद्यात डेलोरियनच्या बॉडीचे डाय आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ मत्स्यपालनाच्या पिंजऱ्यांना वजन म्हणून समुद्रात गेले. ज्या साच्यातून सुमारे ९,००० गाड्यांचा स्टीलचा पत्रा निघाला तो समुद्राच्या तळाशी! हे आठवलं की मला अजून वाईट वाटतं. साचे जागा खातात, कबूल. ड्रॉइंग्ज तर जागा खात नाहीत. बनवणं बंद करायचं तर करा, पण ड्रॉइंग, धातूचा ग्रेड, टॉलरन्स म्हणजे मापात किती फरक चालतो ते, हे सगळं स्कॅन करून क्लबला, म्युझियमला, कुठल्या तरी ट्रस्टला देऊन टाका. आमच्या रूट्सची इंजिनियरिंग ड्रॉइंग्ज अशीच एका आर्काइव्ह ट्रस्टने सांभाळलीयेत, ती नसती तर आमच्यासारख्यांना मापं घ्यायला झिजलेले पार्टच उरले असते.

पैशांबद्दलही सरळ बोलू. स्वस्त करा असं मी म्हणत नाहीये. मला ठाऊक आहे की रबराची पट्टी काढायला डाय लागतो, आणि डायपेक्षा कारखान्याची कमीत कमी ऑर्डर जड जाते, आणि जगात ती पट्टी घेणारे आम्ही मोजकेच. मग तसं सांगा ना. सांगा की एवढे लोक पैसे आधी भरतील तर बनवतो, नाहीतर नाही. आम्ही लोक गोळा करू, वर्षभर थांबू, दुप्पट पैसे देऊ. दिव्याच्या काचेचा रंग किंचित फिका असेल, डॅशबोर्डच्या बटणावरचं अक्षर जरा जाड असेल तरी चालवून घेऊ. ब्रेक, स्टिअरिंग, बॉल जॉइंट, पेट्रोलची लाइन, यात मात्र कणभरही चालवून घेणार नाही.

पाकिटावर काय हवं ते एकदा स्पष्ट सांगतो. कोणी बनवलं, कधी बनवलं, कशाचं बनवलं, आणि ड्रॉइंगवरून बनवलं की नमुन्यावरून. बस. शिवाय पार्टवर कुठेतरी, बसवल्यावर दिसणार नाही अशा जागी, वर्ष आणि तुमची खूण कोरा. जुन्या गाड्यांची जागतिक संघटना फिवा, १९६६ ला स्थापन झालेली, तिच्या ट्युरिन चार्टरमध्येही, म्हणजे जुन्या गाड्या कशा जपाव्यात याच्या मसुद्यात, हेच म्हटलंय की बदललेल्या भागांवर कायमची खूण असावी, म्हणजे पुढे कोणी गाडी उघडली तर मूळचं काय आणि नंतरचं काय हे त्याला कळेल. तुमच्या मालावर तुमचा विश्वास असेल तर नाव कोरायला संकोच कशाला?

आणि मी नुसतं मागत नाहीये. माझ्याकडे रेपियरचा कापलेला रोटर आहे, त्याचे मोठे फोटो आहेत, भेगाळलेली नळी आहे, पाच वर्षं जपून ठेवलेला खिडकीच्या रबराचा वीतभर तुकडा आहे, एका बाजूने अजून मूळ आकारात. त्याचा छेद मी आलेख कागदावर दहापट मोठा काढून ठेवलाय, मापांसकट. मागच्या दिव्याच्या दोन रिंगा, एक खराब आणि एक न वापरलेली, दोन्ही मोजायला देऊ शकतो. डिस्ट्रिब्युटर पूर्ण सुटा करून पाठवायचीही तयारी आहे, परत मिळेपर्यंत गाडी उभी राहील, चालेल. ज्याला खरंच नीट बनवायचंय त्याने फक्त सांगावं, पार्सल मी माझ्या खर्चाने पाठवतो.

तुमचा,
एक सनबीमवाला